घरची भाषा चालणार नाही

मी मूळची नागपूरची, पेशाने स्पीच थेरपिस्ट. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे बंगळुरूला आले आणि सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत राहायला लागले. लिफ्टमध्ये पुण्या-मुंबईची मराठी माणसं भेटायची, खाली रिक्षावाल्याशी हिंदीत भागायचं. पण माझं कामच लोकांना बोलतं करण्याचं, आणि मला कन्नड येत नव्हतं. दवाखान्यांनी तेवढ्यावरच मला परत पाठवलं, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. वर्षभर घरी बसल्यावर नवरा म्हणाला, "मग पीएचडी कर ना. तुझ्या डोक्यात होतीच."

होतीच. मेंदूला झटका आल्यावर पुष्कळ माणसांचं बोलणं जातं. समोरचा काय म्हणतोय ते कळतं, स्वतःला काय म्हणायचंय तेही कळतं, पण शब्द हाताला लागत नाही. आम्ही त्याला अफेझिया म्हणतो. बंगळुरूत कितीतरी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. अशा माणसाचं बोलणं गेलं तर आधी कुठली भाषा परत येते, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी मराठीतली चाचणी लागणार होती: चित्र दाखवायचं, नाव विचारायचं, गुण द्यायचे. ती मीच तयार करणार होते.

बसवनगुडीतल्या एका कॉलेजात मला गाइड मिळाल्या त्याही मराठीच निघाल्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून या मुलखात आहे, असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. मी घरी येऊन आईला फोन केला, "आई, गाइड आपल्यातल्याच आहेत." आई म्हणाली, "मग तर झालंच तुझं काम, बापा."

मॅडमना मी कधी ओरडताना ऐकलं नाही. इस्त्रीची सुती साडी, हळू आवाज. रुग्णासमोर बसल्या की त्याला एक शब्द सापडेपर्यंत कितीही वेळ थांबायच्या, घड्याळाकडे बघायच्या नाहीत. एका म्हाताऱ्याने मोठ्या कष्टाने आपल्या बायकोचं नाव उच्चारलं तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. माणूस आजारी असला की त्यांची माया मिळायची. धडधाकट माणसाला त्या काही मिळू देत नसत.

कॉलेजात त्या इंग्रजी बोलायच्या, रुग्णांशी कन्नड. मराठी काढायच्या ती फक्त माझ्याशी, आणि तीही टोचायचं असेल तेव्हा. मग इंटर्न मुलींनाही कळावं म्हणून तेच इंग्रजीत पुन्हा सांगायच्या. एकदा माझ्या तोंडून सवयीने "काहून" गेलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काहून! म्हणजे हिच्या गावाकडे 'का' म्हणायला एवढी अक्षरं लागतात." मग इंग्रजीत भाषांतर. मुली हसल्या. त्यानंतर माझा कुठलाही मसुदा आला की मॅडम त्यांच्यातल्या एकीला म्हणायच्या, "विचार तिला, काहून लिहिलं हे?" ती कन्नड मुलगी तो शब्द इतका घोटून शिकली की ओपीडीत मला त्याच नावाने हाक मारायला लागली.

त्यांच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. मॅडमनी बोलावलेल्या वेळेला मी तिथे येऊन बसायची. आतून त्यांचा आवाज यायचा, मी आल्याचं त्यांना ठाऊक असायचं. कधी दुपारी जेवायला जाताना त्या माझ्यासमोरून निघून जायच्या आणि संध्याकाळी म्हणायच्या, "आज राहूनच गेलं गं."

पण खरा वाद झाला तो उशीवरून. चाचणीचा पहिला प्रयोग चालू होता. बनशंकरीतल्या, झटका येऊन गेलेल्या एका आजींना मी उशीचं चित्र दाखवलं. त्या पटकन म्हणाल्या, "दिंबु." तो कन्नड शब्द. त्यांच्या सुनेने हसून सांगितलं, की त्यांच्या घरात उशीला उशी कुणी म्हणतच नाही, त्यांच्या सासूची सासूही दिंबुच म्हणायची. तसंच काकडीचं, तसंच वांग्याचं. मी मसुद्यात लिहिलं, की अशा घरांत रुळलेले शब्द बरोबर धरावेत, कारण हीच त्या माणसांची मराठी आहे.

मॅडमनी तो परिच्छेद आडव्या रेघेने कापला. "घरची भाषा चालणार नाही. चाचणीत मराठी पाहिजे, खिचडी नको."

"पण मॅडम, ज्या आजी बोलतायत त्यांना मुक्या ठरवल्यासारखं होईल. त्यांच्या घरी उशी म्हणतच नाहीत."

"माझ्या घरी तरी कुठे म्हणतात?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणून मी काय अडाणी झाले का? तू नागपूरहून येऊन मला आमच्या घरातलं सांगणार?"

त्यांना एवढं का लागलं ते तेव्हा कळलं नाही. पुष्कळ नंतर त्यांच्या धाकट्या भावाने सांगितलं, की तरुणपणी पुण्याला एका परिषदेत त्या मराठीत बोलायला उभ्या राहिल्या आणि सभागृह हसलं. कुणीतरी चहाच्या वेळी त्यांच्या बोलण्याची नक्कलही केली. तेव्हापासून मी भेटेपर्यंत त्या घराबाहेर मराठी बोलल्या नव्हत्या. मी त्यांना सापडले, नागपूरची, माझीही मराठी पुणेरी नव्हे. हसायला त्यांनाही कुणीतरी मिळालं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. मी ते सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पोर आणि पीएचडी एका वेळी? एक काय ते ठरव." मी काही ठरवण्याआधीच ते गेलं. तिसरा महिना संपत आला होता. दवाखान्यातून आले, काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, मग उठून कॉलेजला गेले, कारण घरात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी बाकावर बसावं लागलं नाही. मॅडमनी लगेच आत घेतलं. "कळलं मला. वाईट झालं," त्या म्हणाल्या. मग माझी फाइल पुढे ओढली. "चला, आता निदान यंदा तुझा डेटा तरी पूर्ण होईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्या पान उलटत होत्या. "तिसरं प्रकरण काढ," म्हणाल्या. मी तिसरं प्रकरण काढलं.

हे रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चपला घालायलाच निघाला. "मी बोलतो त्या बाईशी." मीच त्याला अडवलं. सही त्यांची लागणार होती. गाइड बदलायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि आपल्याला वैतागून गेलेल्या विद्यार्थिनीला दुसऱ्या कुणी घेऊ नये याची तजवीज मॅडम करायच्या, हे मी दुसऱ्या एकीच्या बाबतीत पाहिलं होतं. ती मुलगी आता हुबळीला तिच्या भावाच्या दुकानात बसते.

मॅडमना झटका आला तो वर्गात. मी बाहेर होते. आत त्या इंटर्न मुलींना शिकवत होत्या आणि मधेच आवाज थांबला. मला वाटलं कुणाची तरी झडती सुरू आहे; त्या अशाच थांबायच्या, आणि मग ज्या मुलीकडे बघायच्या तिची खैर नसायची. आतल्या मुलींनाही तेच वाटलं. मॅडम उभ्या आहेत, एक हात टेबलावर, बोलत नाहीत, बघतायत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणी हललं नाही. मॅडमच्या तोंडाची एक बाजू उतरत होती आणि समोर बसलेल्या मुली वहीत बघत होत्या, कारण वर बघणारीला प्रश्न विचारला जातो. तोंड उतरणं, हात लुळा पडणं, बोलणं थांबणं, ही लक्षणं त्याच मुलींनी त्याच महिन्यात परीक्षेत लिहिली होती.

शांतता फार लांबली म्हणून मी दार ढकललं. मी आत शिरेपर्यंत मॅडम खाली बसल्या होत्या, बसल्या म्हणजे घसरल्या होत्या. मी ओरडले तेव्हा मुली उठल्या. नंतर डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. ते वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात. पण इथे ते खरं होतं, आणि का उशीर झाला हे त्या वर्गातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

माझे कागद विभागप्रमुखांकडे गेले. सर सौम्य होते, भांडण दिसलं की चष्मा पुसायचे. ते माझे नवे गाइड झाले. उशीचा प्रश्न मी पुन्हा काढला तेव्हा म्हणाले, "मला मराठी येत नाही. तुम्हाला योग्य वाटतं तसं करा." घरचे शब्द मी पुन्हा बरोबर धरले. चहा पिताना सर सहज म्हणाले, "तसं बघितलं तर मॅडमच तुमच्या अभ्यासात फिट्ट बसतात. घरी मराठी, बाहेर कन्नड, मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका." ते स्वतःच हसले, मग गंभीर झाले. "नाही, अर्थात तसं करता येणार नाही."

काही दिवसांनी मॅडमचे भाऊ कॉलेजात आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, निवृत्त माणूस. दोघं भावंडं वडिलांच्या घरात राहायची. भावाची बायको वारली होती, मॅडमनी लग्न केलं नव्हतं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

"अक्काला मराठीत शिकवणारं कुणी पाहिजे," ते म्हणाले. "कन्नडवाल्या बाई मिळतील हो, पण लहानपणची भाषा आधी येते म्हणतात. तुम्ही तिच्या आवडत्या विद्यार्थिनी."

"असं कोण म्हणालं?"

"अक्काच. रोज तुमचंच नाव घ्यायची घरी."

काय म्हणून घ्यायची, ते मी विचारलं नाही. येईन म्हणाले.

मॅडम खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. केस कुणीतरी, बहुधा अण्णांनीच, वेडेवाकडे विंचरलेले. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "चूक."

मी त्यांना नमस्कार केला. "चूक, चूक," त्या म्हणाल्या. पाणी हवं होतं तेव्हाही तेच, खिडकी लावायची होती तेव्हाही तेच. असं होतं, सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो. कुणाच्या तोंडात देवाचं नाव राहतं, कुणाच्या शिवी. माणूस त्या एका शब्दात सगळं सांगू पाहतो आणि आपण सांगतोय ते हे नव्हे, हेही त्याला कळत असतं. मॅडमना तर ते इतर कुणाहूनही जास्त कळत होतं. त्यांनीच आम्हाला ते शिकवलं होतं. त्या "चूक" म्हणायच्या, ऐकायच्या, आणि मान हलवून रडायच्या.

मला बरं वाटलं. त्यात काही लपवण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. मी समोर चित्रं मांडली, कंगव्याचं चित्र उचललं आणि विचारलं, "हे काय आहे, मॅडम?"

"चूक."

"नाही. पुन्हा बघा."

तरीही काम मी नीट केलं. ते मला येतं, आणि वाईट करणं मला येत नाही. आधी वार म्हणायचे, सोमवार, मंगळवार, पाठांतरासारखे, कारण पाठ असलेलं आधी सुटतं. मग टाळीच्या ठेक्यावर दोन-दोन अक्षरं. मॅडम थकायच्या, चित्रं ढकलून द्यायच्या. मी ती उचलून पुन्हा मांडायची. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे एका शब्दासाठी कितीही वेळ थांबायची, घड्याळाकडे न बघता. त्या वेळी आमच्या दोघींत काय चाललंय ते अण्णांना दिसत नव्हतं. ते दारातून डोकवायचे, "कॉफी आणू स्वल्प?" म्हणायचे आणि खूश होऊन आत जायचे.

एका सकाळी मी उशीचं चित्र दाखवलं आणि मॅडम स्वच्छ म्हणाल्या, "दिंबु."

अण्णा धावत बाहेर आले. "बोलली! अक्का बोलली!"

मी म्हटलं, "मराठीत सांगा, मॅडम. घरची भाषा चालत नाही ना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी वर्षानुवर्षं बाकावरून पाहिली होती, आजारपणाने तिच्यात काही फरक पडला नव्हता. अण्णा म्हणाले, "अहो, दिंबु म्हणजे उशीच की हो." मी म्हटलं, "माहीत आहे मला, अण्णा," आणि पुढचं चित्र काढलं.

हळूहळू शब्द आले, मग दोन शब्द जोडून आले. काठी घेऊन त्या चालायला लागल्या. माझा प्रबंधही पुरा होत आला. सादर करण्याआधी समितीपुढे एकदा सगळं मांडावं लागतं. सरांना वाटलं, मॅडमना मानाने बोलवावं, त्यांच्या हाताखालीच काम सुरू झालं होतं. मीही नको म्हटलं नाही. आपण मांडताना त्या मुकाट समोर बसतील, असं मला कुठेतरी हवं होतं.

अण्णा त्यांना धरून घेऊन आले. सगळे उठून उभे राहिले. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या, काठी गुडघ्यांत धरून. मी चांगलं बोलले. घरचे शब्द बरोबर धरले की रुग्णांची मराठी किती शाबूत दिसते, ते मी बनशंकरीच्या आजींपासून सुरुवात करून दाखवलं. समितीतले लोक माना डोलावत होते. शेवटी अध्यक्षांनी औपचारिकपणे विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का.

मॅडमनी काठी टेकली आणि उभ्या राहिल्या. अण्णा आधाराला गेले, मॅडमनी हाताने त्यांना मागे सारलं.

"घरची," त्या म्हणाल्या. "घरची... भाषा..." घाम फुटला होता त्यांना. "चालणार... नाही." मग माझ्याकडे डावा हात करून, "पुन्हा... कर."

इतकं लांब बोलणं त्या झटक्यानंतर प्रथमच बोलल्या होत्या. सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नव्हती. मागच्या रांगेत एक इंटर्न डोळे पुसत होती. सरांनी माझा हात हातात घेतला. "हे तुमचं यश आहे," म्हणाले. टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी हसून विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?"

मला वेळ लागतोय असं पाहून अण्णाच पुढे झाले, भिजलेल्या आवाजात, अभिमानाने, कन्नडमध्ये. "अक्का म्हणते, घरची भाषा चालणार नाही. हे पुन्हा केलं पाहिजे!"

अध्यक्षांचं हसू विरलं. त्यांनी कागद चाळले, शेजारच्याशी कुजबुजले. सर चष्मा पुसायला लागले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, एवढ्या ज्येष्ठ व्यक्तीने या अवस्थेत उभं राहून घेतलेला आक्षेप बाजूला ठेवता येणार नाही. गुण पुन्हा द्यावेत, आणि शक्य तितक्या रुग्णांची चाचणी नव्याने घ्यावी. सर म्हणाले, "मान्य आहे." मला कुणी विचारलं नाही.

मॅडम खाली बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, अगदी साधं, काम झाल्याचं. जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि डाव्या हाताने माझ्या गालाला हात लावला. मी तो बाजूला केला.

दुसऱ्या सकाळी अण्णांचा फोन आला. "काल अक्का किती बोलली! आज येताय ना? सकाळपासून तयार होऊन बसलीय."

"मी आता येणार नाही, अण्णा. सगळं पुन्हा करायचंय. वेळ नाही."

"अक्काने काही चुकीचं सांगितलं का?"

"दुसऱ्या बाईंचा नंबर पाठवते," मी म्हटलं. "त्या कन्नडमध्ये शिकवतात."

"सरी, बरं," ते म्हणाले. "सरी."

मी पुन्हा दारोदार गेले. काही रुग्ण वारले होते, काही मुलांकडे परगावी गेले होते. बनशंकरीच्या आजी उरल्या होत्या. सुनेने दार उघडलं आणि म्हणाली, "परत? आता काय राहिलंय विचारायचं?" आजींनी उशीचं चित्र पाहून आनंदाने पुन्हा "दिंबु" म्हटलं आणि मी शून्य लिहिलं. प्रबंधात त्यांची मराठी गेलेली आहे असं छापलंय. प्रत्यक्षात मी निघताना त्यांनी मला मराठीतच जेवून जायचा आग्रह केला होता.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चाचणीच्या कडक नियमांचं कौतुक केलं. मी आभार मानले.

अण्णा मला अलीकडे बसवनगुडीच्या बाजारात भेटले. अवरेकाईच्या शेंगा निवडत होते. वाळले होते. मीच हाक मारली.

"अक्का कशा आहेत?"

"बोलते हो. पुष्कळ बोलते." त्यांनी एक शेंग हुंगली आणि परत टाकली. "त्या बाई चांगल्या आहेत. पण सगळं कन्नडात. मराठीत विचारलं तरी उत्तर कन्नडात. आधी मी मराठीच लावून धरली, मग ती चिडायला लागली. आता मीही कन्नडात बोलतो तिच्याशी." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "आमच्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. आज तुमच्याशी बोललो, किती दिवसांनी."

मी गेले असते तर वेगळं झालं असतं का, ते मला माहीत नाही. नेमका हाच माझा विषय होता, आणि माझ्या प्रबंधात याचं उत्तर नाही.

"एकदा येऊन गेलात तर," अण्णा म्हणाले. "तुम्हाला बघून कदाचित..."

"मला नाही जमायचं, अण्णा."

त्यांनी मान हलवली. पिशवीत शेंगा भरल्या, पैसे दिले, आणि मग आठवल्यासारखं विचारलं, "आता तुम्हाला डॉक्टर म्हणायचं ना?"

मी हो म्हटलं.